पोथ्या उतरवणारे लोक

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९०. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी, पण त्यांच्या हातची पोथी आज कुठेच नाहीये. आपल्याकडे आलंय ते नकलेवरून नक्कल, तिच्यावरून परत नक्कल असं होत होत.. आणि नक्कल करणारा काही झेरॉक्स मशीन नव्हता, जुना शब्द कळला नाही की आपल्या रोजच्या बोलण्यातला टाकून द्यायचा, नजर एक ओळ खाली घसरली की मधली ओवी गायब, आणि एखादा तर भक्तिभावाने स्वतःचीच ओवी घुसडून मोकळा!

त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे म्हणा. बोरू, शाई, सुटी पानं, चुकलं की त्यावर पिवळा हरताळ फासून पुन्हा लिहायचं. पोथीच्या शेवटी बरेच जण ठरलेले संस्कृत श्लोक टाकायचे, पाठ मोडली, कंबर मोडली, मान मोडली, एवढ्या कष्टाने लिहिलंय तर नीट जपा. आणि दुसरा तर भारीच, जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका :) हात वर!

तीनेकशे वर्षं हे असं चालल्यावर शके १५०६ मध्ये (१५८४) एकनाथांनी जुन्या प्रतींमधले पाठ, म्हणजे मूळ शब्द, शोधून प्रत शुद्ध केली. वर दमही भरला, यात जो स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली म्हणून समजा. एवढा शांत माणूस पण इथे वैतागलेला दिसतो. पण झालं काय, पुढच्या बहुतेक प्रती नाथांच्याच पाठावरच्या, त्यामुळे त्याआधीचं काय होतं हे शोधणं अजून अवघड. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तिच्यावरूनही वाद झालेच.

महानुभाव पंथाचं वेगळंच. त्यांच्या लीळाचरित्राची, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथाची, मूळ पोथी स्वारीच्या धामधुमीत गेली, मग शिष्यांनी आठवणीतून परत उभी केली, पुढे पंथाने ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले त्यामुळे बाहेरच्यांचे हात फारसे लागले नाहीत. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एखादी लीळा (म्हणजे स्वामींचा प्रसंग) अमक्याला अशी आठवते, तमक्याला तशी, हे पण पोथीतच नोंदवलंय, कुणाचं खरं ते ठरवत न बसता. नाथांनी कुठे काय बदललं याची अशी नोंद ठेवली असती तर राजवाड्यांपासून आजपर्यंतच्या अभ्यासकांची निम्मी भांडणं वाचली असती.