सॅटर्नवरचा न आलेला सॉनिक

सेगा कंपनीच्या सॅटर्न या गेम कन्सोलसाठी 1996 च्या ख्रिसमसला येणारा ‘सॉनिक एक्स-ट्रीम’ हा गेम रद्द झाला. ‘सॅटर्नला थ्रीडी झेपत नव्हतं’ एवढ्यावर विषय संपवणं म्हणजे आळस आहे.

मशीनमध्ये 28.6 मेगाहर्ट्झचे दोन एसएच-2 प्रोसेसर, पण मेमरीकडे जायचा रस्ता एकच. एक आत शिरला की दुसरा दारात ताटकळत उभा! शिवाय चित्र काढणारी व्हीडीपी1 ही चिप त्रिकोण नाही, चौकोन काढते. चौकोन वाकडा केला की काही पिक्सेल दोनदा रंगतात. तो अर्धपारदर्शक असेल तर तिथे डाग पडतात. एक्स-ट्रीमचा कॅमेरा फिश-आय, म्हणजे कडेचं सगळं जग वाकलेलं, आणि ते प्रत्येक फ्रेमला नव्याने मोजायचं. बरं, लेव्हलचं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा प्रोग्राम, वेगळं, आणि बॉसचं, म्हणजे बड्या शत्रूशी होणाऱ्या लढतीचं, वेगळं. मार्च 1996 मध्ये जपानहून आलेल्या वरिष्ठांना बॉस-लढतीचं इंजिन पसंत पडलं, मग सगळा खेळ त्यावरच न्यायचा हुकूम सुटला. हाताशी महिने उरले किती? शेवटी त्या ख्रिसमसला ‘सॉनिक थ्रीडी ब्लास्ट’वर भागवलं.

जुन्या बाजारात जपानी सॅटर्न मिळालाच, तर थेट प्लगला लावू नका. तो 100 व्होल्टचा, आपली लाइन 230 ची. पॉवर सप्लाय उडेल. पुण्यात तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मागा, 100 वॉटचा भरपूर झाला. घड्याळ आणि सेव्ह टिकत नसतील तर मागच्या झाकणाखालचा सीआर2032 सेल बदला.