भांडण दोन कंपन्यांचं, डबा बदलला आम्ही

आमच्या टीव्हीला लावलेल्या स्टिकवर जे ॲप रोज चालायचं, त्याच्यावर एक दिवस सूचनेची पट्टी आली: अमुक तारखेपासून हे ॲप या उपकरणावर उपलब्ध नसेल. कारण दिलेलं नव्हतं. स्टिक ठणठणीत होती, नेट चालू होतं, वर्गणी भरलेली होती. स्टिक विकणारी कंपनी आणि ॲप चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आलाय आणि नव्या कराराचं घोडं अडलंय, हे मला बातम्यांतून कळलं.

दोन्हीकडच्या ग्राहक सेवेशी चॅट केलं. स्टिकवाले म्हणाले, "मॅडम, ॲप त्या कंपनीने काढून घेतलं आहे, कृपया त्यांच्याशी संपर्क साधा." ॲपवाले म्हणाले, "मॅडम, हे उपकरण आता आमच्या यादीत नाही, कृपया उपकरणाच्या कंपनीशी बोला." चॅट संपताना दोघांनीही सेवा कशी वाटली म्हणून तारे मागितले, हे विशेष.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पैसे दोघांनाही देतोय ना आपण? मग यांचं भांडण आपल्या माथी कशाला?"

तर त्याचं उत्तर असं, की आपण माथी असणं हाच त्या भांडणातला दाब असतो. जुन्या बातम्या चाळल्या तेव्हा हे चांगलंच लक्षात आलं. 2015 मध्ये ॲमेझॉनने आपल्या दुकानातून ॲपलचं ॲपल टीव्ही आणि गूगलचं क्रोमकास्ट ही टीव्हीला लावायची उपकरणं काढून टाकली, कारण काय तर त्यांच्यावर प्राइम व्हिडिओ नीट चालत नाही. डिसेंबर 2017 मध्ये गूगलने उलट डाव टाकला: ॲमेझॉन आमची उपकरणं विकत नाही, क्रोमकास्टला प्राइम व्हिडिओ देत नाही, म्हणून ॲमेझॉनच्या फायर टीव्ही उपकरणांवरून यूट्यूब बंद. ॲमेझॉनने मग फायर टीव्हीवर ब्राउझर आणून ठेवले आणि लोक त्यातून यूट्यूब बघू लागले. जुलै 2019 मध्ये समेट झाला, यूट्यूब फायर टीव्हीवर परतलं आणि प्राइम व्हिडिओ क्रोमकास्टवर चालू लागलं. तोवर दीड वर्ष उलटलं होतं, आणि त्या दीड वर्षात कुणाच्याही यंत्रात काडीचाही बिघाड झालेला नव्हता.

2020 मध्ये अमेरिकेत एचबीओ मॅक्स ही सिनेमा-मालिकांची सेवा मे महिन्यात सुरू झाली, पण अशाच स्टिक आणि डबे विकणाऱ्या रोकू कंपनीच्या उपकरणांवर यायला डिसेंबर उजाडला. 2021 मध्ये रोकू आणि गूगल जुंपले. एप्रिलच्या अखेरीस रोकूच्या दुकानातून यूट्यूब टीव्ही, म्हणजे गूगलची पैसे भरून टीव्ही वाहिन्या दाखवणारी सेवा, गेलं. गूगलने त्यावर ते आपल्या साध्या यूट्यूब ॲपच्या पोटात बसवून दिलं. मूळ यूट्यूबही 9 डिसेंबरपासून जाणार होतं, करार झाला 8 तारखेला. ही तारीख पाहून मला जरा धीर आला, आणि थोडा संतापही. शेवटच्या क्षणापर्यंत ताणायचं, कारण प्रेक्षक ओरडले की समोरचा नमतो, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक असतं.

आमच्या बाबतीत मात्र तारीख उलटली आणि ॲप गेलं. आधी ब्राउझरचा उपाय करून पाहिला. रिमोटच्या चार बाणांनी पडद्यावरचा माऊस सरकवायचा, एकेक अक्षर निवडून पत्ता टाकायचा, आणि व्हिडिओ सुरू झाला की पूर्ण पडदा करायचं चौकोनी चिन्ह शोधेपर्यंत ते गायब व्हायचं. आईने दोनदा प्रयत्न केला आणि रिमोट माझ्या हातात ठेवला. फोनवरून कास्ट करावं, म्हणजे फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवावा म्हटलं, तर ॲपमध्ये कास्टचं चिन्ह होतं आणि यादीत आमची स्टिक नव्हती. गूगलचं कास्ट वेगळं, ॲपलचं एअरप्ले वेगळं. त्यात नेटफ्लिक्सने 2019 मध्ये एअरप्लेचा नाद सोडलेला. लॅपटॉप वायरने जोडणं चालत होतं, पण मग रोज लॅपटॉप टीव्हीपाशी अडकलेला.

शेवटी स्टिकच्या जागी दुसरा डबाच घ्यायचं ठरवलं. मैत्रिणीकडे एक स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स होता, तो आधी आणून लावला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '4के' लिहिलेलं. त्यात डीआरएमची, म्हणजे व्हिडिओची चोरी होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाची, माहिती दाखवणारं छोटं ॲप टाकून पाहिलं: वाइडवाइन, सिक्युरिटी लेव्हल एल3. इथेच विषय संपला. वाइडवाइन हे गूगलचं कुलूप, प्लेरेडी मायक्रोसॉफ्टचं, फेअरप्ले ॲपलचं. सिनेमा एकच, पण प्रत्येक कंपनीचं कुलूप निराळं, आणि कुलपाची वरची श्रेणी म्हणजे एल1 नसेल तर बड्या सेवा एचडी चित्र सोडतच नाहीत. नेटफ्लिक्स तर उपकरणाला स्वतःचं वेगळं प्रमाणपत्रही मागतं. पडदा कितीही चांगला असो, चित्र येतं ते जुन्या डीव्हीडीच्या दर्जाचं. बॉक्स त्याच दिवशी परत केला.

हे टीव्हीच्या बाबतीतही होतं, फक्त तिथे कुणी सांगत नाही. चित्रातला उजेड-अंधार आणि रंग अधिक खुलवणारं डॉल्बी व्हिजन हे तंत्र सॅमसंगने वर्षानुवर्षं घेतलं नाही, 2017 मध्ये ॲमेझॉनबरोबर एचडीआर10 प्लस हे त्याला पर्यायी तंत्र जाहीर केलं. नेटफ्लिक्सने एचडीआर10 प्लस द्यायला सुरुवात केली ती 2025 मध्ये. मधल्या काळात ज्याने सॅमसंगचा महागडा टीव्ही घेतला, त्याचा हा गुण नेटफ्लिक्स पाहताना वापराविनाच राहिला. आणि निवड इतकी आखूड का, याचंही कारण करारांतच आहे. गूगलची ॲप्स हवी असतील तर अँड्रॉइडचा दुसऱ्या कुणी फेरफार केलेला अवतार वापरायचा नाही, अशी अट टीव्ही आणि फोन बनवणाऱ्यांवर असायची. ॲमेझॉनचं फायर ओएस हा असाच अवतार. युरोपियन कमिशनने 2018 मध्ये गूगलला जो 4.34 अब्ज युरोंचा दंड केला, त्याच्या कारणांत ही अटही होती. टीव्हीपुरतं असंच प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगापुढे होतं. 2025 मध्ये गूगलने 20.24 कोटी रुपये भरून ते तडजोडीने मिटवलं आणि भारतापुरती ही अट सैल केली.

नवा डबा निवडला तो एकाच कसोटीवर: आमच्या घरी लागणारी सगळी ॲप्स आज त्यावर आहेत का, आणि ती ॲप्स बनवणाऱ्यांपैकी कुणाशी डबेवाल्याचं उघड वैर आहे का. दुसऱ्या भागाचं उत्तर कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं, बातम्यांतूनच काढावं लागतं. डबा लावणं सोपं होतं. टीव्हीवर कोड येतो, तो फोनवर टाकायचा, झालं. टीव्हीच्या रिमोटनेच डबाही चालावा म्हणून सीईसी चालू करायचं होतं, पण सेटिंग्जमध्ये सीईसी नावाचं काही सापडेना. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. सोय तीच, बारसं प्रत्येकाने आपापलं केलेलं.

खरी दमछाक वर्गण्यांनी केली. जुन्या स्टिकवर आम्ही काही सेवा तिथल्या तिथे, एका बटणावर घेतल्या होत्या. तेव्हा ती सोय होती. नव्या डब्यावर त्याच सेवेचं ॲप उघडलं तर पाटी आली: तुमची वर्गणी दुसऱ्या कंपनीमार्फत घेतलेली आहे, बदल तिथूनच करा. तिथे जायचं, रद्द करायची, भरलेली मुदत संपेपर्यंत थांबायचं आणि मग सेवेच्या स्वतःच्या साइटवर कार्ड देऊन नव्याने घ्यायची. घाई केली तर दोन्हीकडून पैसे कापले जातात, म्हणून एकेक सेवा सावकाश सोडवून घेतली.

एका खात्याने फार छळलं. त्याचा ईमेल म्हणून एक निरर्थक अक्षरांची माळ दिसत होती, कारण खातं उघडताना 'माझा ईमेल लपवा' हा पर्याय निवडलेला. पासवर्ड बदलायची लिंक त्या लपलेल्या पत्त्यावरून वळसा घेऊन माझ्या इनबॉक्समध्ये पोचली, तेव्हा कुठे खात्याचा ईमेल बदलता आला. हे वर्गणी रद्द करायच्या आधी केलं हे बरं झालं, नाहीतर आईच्या अर्धवट राहिलेल्या मालिकांची सगळी नोंद त्या माळेबरोबर गेली असती.

मध्यस्थ कंपन्यांना आपण त्यांच्याच खिडकीतून वर्गणी भरावी असं का वाटतं, तेही या निमित्ताने नीट कळलं. ॲपलचा दर उघड आहे: वर्गणीतले पहिल्या वर्षी 30 टक्के, पुढे 15. नेटफ्लिक्सने 2018 च्या अखेरीस आयफोनवरून नवे सभासद घेणं थांबवलं ते याच हिशेबापायी. पैसा ज्याच्या खिडकीतून जातो त्याच्याकडे ग्राहकही राहतो, म्हणून आमच्या घरी आता नियम झालाय: पाहायचं कुठल्याही डब्यावर, पैसे थेट सेवेला.

विकत घेतलेले सिनेमे मात्र जुन्या घरीच राहिले. अमेरिकेत मूव्हीज एनीव्हेअर नावाची सोय आहे, एका दुकानात घेतलेला सिनेमा तिथे दुसऱ्या दुकानाच्या खात्यातही दिसतो, तोही ठरावीक स्टुडिओंचाच. बाकी जगाला ती नाही. आमच्या खरेदीतले काही सिनेमे जुन्या कंपनीच्या ॲपमधून नव्या डब्यावर दिसतात, पण तिथे नवीन काही घेता येत नाही. म्हणून जुनी स्टिक मी विकली नाही, टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टला लावून ठेवली.

सगळं मार्गी लागल्यावर दोन्ही कंपन्यांचं जमलं आणि ॲप जुन्या स्टिकवर परत आलं. दोघांनी आनंद व्यक्त केला. मुदत किती वर्षांची, हे काही सांगितलं नाही.

नव्या डब्याचंही एक दुखणं आहेच. माइकचं बटण दाबून सिनेमाचं नाव घेतलं की डबा आधी तो आपल्या दुकानात भाड्याने मिळतो असं दाखवतो, आणि आपण वर्गणी भरलेल्या ॲपमध्ये तो असला तर ते बरंच खाली. काही सेवा तर अशा एकत्र यादीत यायलाच तयार नसतात. फेब्रुवारी 2025 मध्ये ॲपलच्या टीव्ही ॲपमध्ये नेटफ्लिक्सचे कार्यक्रम अचानक दिसू लागले, लोक खूश झाले, आणि नेटफ्लिक्सने ही चूक होती असं सांगून ते काढून घेतले. तेव्हा आई आता माइकच्या भानगडीत पडत नाही. आधी ॲप उघडते, मग त्यात नाव शोधते, आणि भाड्याचं बटण आलं की मला हाक मारते.