घरासाठी कॉलेज बास्केटबॉलचं कोचिंग सोडताना: तारीख, कागद आणि नंतरचं घर

कोचिंग सोडायचं हे आमच्या घरात लवकर ठरलं. कधी सोडायचं याला मात्र जास्त वेळ लागला, आणि तो द्यायलाच हवा. मी अमेरिकेत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या स्तरावरच्या, पुरुष संघाचा सहायक कोच होतो. या कामात चुकीच्या महिन्यात राजीनामा दिला तर खेळाडू अडकतात, हक्काचे पैसे हातचे जातात आणि ज्या घरासाठी एवढं केलं त्याच घराचा आरोग्य विमा मध्येच तुटतो.

आधी वर्ष कसं जातं ते बघू. सामने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात, त्याआधी ४२ दिवसांत ३० सराव. मार्चमध्ये कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांची, स्पर्धा, नशीब असेल तर पुढे एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, स्पर्धा. ती संपते ना संपते तोच ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडते. जूनमध्ये उन्हाळी सराव आणि कॅम्प, जुलैमध्ये हायस्कूलची मुलं बघायला या शहरातून त्या शहरात. हंगामात खेळाडूंच्या सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. कोचच्या तासांना कुठलीच नाही.

प्रेक्षकांना सामन्याचे दोन तास दिसतात. सहायक कोचचा वेळ खातं ते ‘स्काउट’, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा अभ्यास. प्रतिस्पर्धी संघ सहायकांमध्ये वाटून घेतलेले असतात. तुमच्या वाट्याचा संघ आला की त्यांचे शेवटचे चार-पाच सामने सिनर्जी या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरवर बघायचे आणि क्लिप्स कापायच्या. कोण फक्त डावीकडेच जातो, स्क्रीन, म्हणजे आपली वाट अडवायला उभा राहिलेला खेळाडू, आल्यावर कुणाच्या मागे वरून जायचं आणि कुणाला खालून सोडलं तरी चालतं, टाइमआउटनंतर ते कुठला सेट, म्हणजे ठरवलेली चाल, लावतात, बास्केटखालून बॉल आत घेताना पहिला पास कुणाला जातो, हे सगळं दोन पानांत आणि दहा-बारा मिनिटांच्या व्हिडिओत बसवायचं. गुरुवारी रात्री बाहेरगावचा सामना संपवून बसमध्ये चढलं की शनिवारचा संघ लॅपटॉपवर सुरू. मध्येच रिक्रूटचे, म्हणजे संघात आणायच्या मुलांचे, मेसेज. सतरा वर्षांच्या मुलाने रात्री साडेदहाला विचारलं तर उत्तर त्याच रात्री द्यावं लागतं, कारण दुसऱ्या कॉलेजचा कोच ते देणारच असतो. ‘प्रवास थोडा कमी करून बघू’ हा मधला मार्ग म्हणूनच सहायकाला मिळत नाही. तुम्ही टाळलेला प्रवास शेजारच्या केबिनमधल्या सहकाऱ्याच्या घरावर पडतो.

आता तारीख. माझ्या मते एकच आठवडा योग्य: हंगामाचा शेवटचा सामना झाल्यानंतरचा, पोर्टल उघडण्याआधीचा. हेड कोच गेला तर खेळाडूंना पोर्टलची वेगळी मुदत मिळते, सहायक गेला तर मिळत नाही. एखादा मुलगा तुमच्या शब्दावर, तुमच्याशी वर्षभर बोलून त्या कॉलेजात आलेला असतो. पोर्टलचं दार उघडं असतानाच त्याला तुमचं जाणं कळलं पाहिजे. पोर्टलची मुदत ६० दिवसांवरून ४५, मग ३०, मग १५ अशी आखडत गेली आहे, तेव्हा त्या वर्षाच्या तारखा कंप्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे एनसीएएचे नियम सांभाळणाऱ्या कॉलेजच्या विभागाकडून, घ्या, आठवणीवर जाऊ नका.

मोठ्या नावांकडेही याच नजरेने बघावं. व्हिलानोव्हा विद्यापीठाचे हेड कोच जे राइट एप्रिल २०२२ मध्ये फायनल फोर, म्हणजे एनसीएए स्पर्धेची उपांत्य फेरी, खेळून झाल्यावर निवृत्त झाले. व्हर्जिनिया विद्यापीठाचे हेड कोच टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना थांबले. बेनेट यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. मन पूर्ण कामात नसताना आणखी एक हंगाम ओढणं त्यांना बरोबर वाटलं नाही. पण ऑक्टोबरमध्ये कॉलेजचं वर्ष सुरू झालेलं असतं आणि खेळाडूपुढे फारसे पर्याय उरत नाहीत. शक्य असेल तर वसंतातच थांबावं.

सांगण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी हेड कोच, समोरासमोर, सकाळी, दार लावून. मग अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे विद्यापीठाच्या खेळ विभागाच्या प्रमुखाला, पत्र. त्याच दिवशी खेळाडू. मध्ये रात्र जाऊ देऊ नका, बातमी फुटतेच आणि मुलांना ती फोनवर वाचायला लागते. त्यानंतर येऊ घातलेल्या मुलांचे आईवडील आणि त्यांचे हायस्कूलचे कोच. यांना मेसेज नको, फोन करा, आणि यापुढे कुणाशी बोलायचं त्याचं नाव द्या. निर्णय पक्का झाल्यापासून तो जाहीर होईपर्यंत कुठल्याही नव्या मुलाला ‘मी तुझ्यासोबत असेन’ असं म्हणायचं नाही. कॉलेजबद्दल बोला, शहराबद्दल बोला, स्वतःबद्दल वचन देऊ नका.

पत्र तीन ओळींचं पुरे: पद, शेवटचा दिवस, आभार. सरकारी विद्यापीठात असं पत्र माहितीच्या कायद्याखाली कुणीही मागू शकतं, म्हणून घरगुती कारणं त्यात लिहू नयेत. मुलांची दुखणी, बायकोची नोकरी हे हेड कोचशी बोलायचे विषय आहेत, कागदावर ठेवायचे नाहीत.

पत्र देण्याआधी करार वकिलाला दाखवा. एक-दोन तासांची फी लागते आणि ती वसूल होते. बायआउटचं, म्हणजे करार मध्येच सोडल्यास भरायच्या रकमेचं, कलम ‘दुसऱ्या कॉलेजात गेल्यास’ असं आहे की ‘कोणत्याही कारणाने सोडल्यास’, हे शब्दशः बघायचं. कोचिंगच सोडणाऱ्याला सूट असेल, तरी ठरावीक काळात पुन्हा कोचिंगकडे वळल्यास रक्कम भरावी लागेल अशी अट असू शकते. स्पर्धेचा बोनस बऱ्याचदा पैसे देण्याच्या तारखेला जो नोकरीत आहे त्यालाच मिळतो. येताना घरसामान हलवायचे पैसे विद्यापीठाने दिले असतील तर लवकर सोडल्यावर ते परत मागण्याचं कलम असतं. गाड्यांच्या डीलरने कोच म्हणून वापरायला दिलेली गाडी असेल तर ती परत जाते. नवी गाडी आणि तिचा विमा असा नवा खर्च पहिल्याच महिन्यात उभा राहतो. शिल्लक रजेचे पैसे मिळायचे असतील तर ती रजा नोंदीत दिसली पाहिजे, आणि कोच मंडळी रजेची नोंद ठेवण्यात फार ढिली असतात.

विमा हा सगळ्यात नाजूक भाग. कोब्रा या कायद्याखाली नोकरी सुटल्यावरही जुनाच विमा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही आपल्यालाच भरावा लागतो, एकूण १०२ टक्क्यांपर्यंत. निवड करायला ६० दिवस मिळतात. आरोग्य विम्याच्या सरकारी मार्केटप्लेसमधून वेगळी योजना घ्यायची तर तिलाही विमा गेल्यापासून ६० दिवसांची खिडकी असते. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून बघा. अनेक ठिकाणी विमा महिनाअखेरपर्यंत चालतो. तसं असेल तर शेवटचा दिवस ३० तारखेऐवजी पुढच्या महिन्याच्या १ तारखेला ठेवल्याने आणखी एक महिना मिळतो. एचआरला लेखी विचारा. निवृत्ती योजनेतला विद्यापीठाचा हिस्सा पूर्ण आपला व्हायला किती सेवा लागते, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या. चार महिने थांबल्याने तो मिळणार असेल तर थांबा.

आपल्यापैकी जे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. विद्यापीठांना या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नसते, खासगी कंपन्यांना असते. विद्यापीठातून खासगी कंपनीत जायचं तर सहसा आधी व्हिसाच्या लॉटरीतून जावं लागतं, आणि नोकरी संपल्यावर देशात राहायची सवलत जास्तीत जास्त ६० दिवसांची. इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय शेवटचा दिवस ठरवू नका.

पुढची नोकरी शोधताना मी आधी विद्यापीठाच्या आतच बघितलं आणि देणगी विभागात गेलो. विमा, निवृत्ती योजना आणि मुलांच्या फीमधली सवलत टिकली. बायको आणि मी सगळ्यात जास्त याच सवलतीचा हिशेब मांडत होतो. अनोळखी घरात बसून आईवडिलांचा विश्वास मिळवणं हे रिक्रूटिंगचं कौशल्य माजी विद्यार्थ्यांशी बोलताना तसंच्या तसं उपयोगी पडतं. डिव्हिजन थ्री सोपं असेल या समजुतीवर जाऊ नका. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण मुलं आणावीच लागतात, आणि माणसं कमी असल्याने व्हॅनही कोचच चालवतो. हायस्कूलमध्ये प्रवास कमी, पण हिवाळ्यातली रोजची संध्याकाळ सरावात जाते. आणि नेमकी तीच तर घराला हवी असते.

भारतातल्या आईबाबांना फोन करताना पुढची नोकरी आधी सांगावी, सोडलेली नंतर. त्यांची एक रात्रीची झोप वाचते.

घरी आल्यावर ‘मदत करतो’ म्हणून काही होत नाही. तुमच्याशिवाय चालणारी एक घडी तिथे बसलेली असते. एक काम पूर्ण आपल्याकडे घ्यायचं: डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट घेण्यापासून गोळ्या संपायच्या आत आणण्यापर्यंत, किंवा मंगळवार-गुरुवारचा स्वयंपाक, भाजी आणण्यासकट. कुणी आठवण करून द्यावी लागली तर ते काम अजून तुमचं झालेलं नाही. मुलांच्या लीगच्या संघाचं कोचिंग लगेच अंगावर घेऊ नका. मुलांनी मागितलं तर बघा.

पहिला नोव्हेंबर जड जातो. फोन शांत असतो आणि हात स्काउटची पानं शोधतात. त्या महिन्यातल्या संध्याकाळी आधीच कॅलेंडरवर भरून ठेवाव्यात. जुने खेळाडू फोन करतातच. रिक्रूटिंगचा फोन विद्यापीठाचा असेल तर तो जमा होतो, म्हणून जाण्याआधी त्यांना खासगी नंबर द्या. विद्यापीठातच दुसऱ्या विभागात असाल तर एनसीएएचे नियम तुम्हाला अजूनही लागू असतात. खेळाडूला जेवायला बोलावणं किंवा एखाद्या रिक्रूटच्या घरच्यांशी बोलणं यातलं काय चालतं, ते कंप्लायन्स ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.