सावलीच्या बाजूची खिडकी

लहानपणी एसटीत चढायच्या आधी आई विचारायची, "ऊन कुठनं येणार सांग बघू?" सकाळच्या सातारा-स्वारगेट गाडीत डावीकडची खिडकी धरायची, कारण गाडी उत्तरेला जाते आणि ऊन उजवीकडून येतं. पुढे मी बरीच वर्षं साताऱ्यात भूगोल शिकवला, पण दिशांचा पहिला धडा तो.

लेकीकडे लंडनला पहिल्यांदा निघाले तेव्हा मात्र हा धडा विसरले. जादा पैसे भरून खिडकी घेतली आणि जाऊन बघते तर शेजारी नुसती भिंत! काही रांगांना खिडकीच नसते, हे तिकीट काढताना नकाशात दिसलं नव्हतं. साडेनऊ तास मान वळवून मागच्या खिडकीच्या फटीतून बघत गेले. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या वेळी, सप्टेंबरात, नीट अभ्यास करून बसले. मुंबईहून दुपारी निघणारं विमान वायव्येला जातं. सूर्य आधी दक्षिणेला, मग नैर्ऋत्येला, म्हणजे सगळा वेळ डावीकडे. तिकडे काच चमकते आणि खालचं काही धड दिसत नाही. म्हणून उजवी बाजू. मोठ्या विमानात 'ए' डावीकडची आणि 'के' उजवीकडची, काही विमानांत 'एल'. मग पंख. पंखावरच्या रांगांत बसलात तर खाली पत्राच दिसतो. पंखाच्या लगेच मागे इंजिनाच्या गरम हवेने सगळं थरथरतं, तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसतं तसं. पुढच्या जागा महागड्या वर्गाच्या, त्यामुळे आपल्यासारख्यांनी सरळ शेपटीकडे जावं. हादरे थोडे जास्त बसतात, पण दिसतं छान. रोजचा मार्ग सारखा नसतो, म्हणून आदल्या तीन-चार दिवसांची विमानं कुठून गेली ते मी फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर बघून ठेवलं होतं.

त्या दिवशी आम्ही पूर्व तुर्कस्तानावरून गेलो. वान सरोवर! मुलांना नकाशात बोट ठेवून दाखवलेलं ते खारं पाणी, गर्द निळं, भोवती रखरखीत तपकिरी डोंगर. आणि लांब उत्तरेला बर्फ घेऊन उभा अरारत, ५,१३७ मीटर. आजूबाजूला सगळे झोपलेले. मी झडप वीतभरच उघडी ठेवली होती, कुणाच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून. (ड्रीमलायनरला झडप नसते, बटणाने काच गडद होते आणि कर्मचारी सगळ्या काचा एकदमही गडद करू शकतात. ते विमान असेल तर आधीच गोड बोलून ठेवा.)

खरी गंमत पुढेच होती. लंडन जवळ आलं, विमान ढगांच्या दिशेने उतरू लागलं आणि उजवीकडे, जरा मागच्या अंगाला, पांढऱ्या ढगावर एक गोल दिसला. आत पिवळसर, कडेला तांबूस, त्याबाहेर आणखी एक फिकट कडं. ढग जवळ आले तशी मधोमध विमानाची इवलीशी सावली उमटली. इंद्रवज्र! आपले ट्रेकर ज्यासाठी पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ताटकळतात, ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ साली छापलेल्या लेखात ज्याचं वर्णन केलंय, तेच. ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला ढगांतल्या बारीक थेंबांवर उमटतं, म्हणजे सावलीच्या बाजूलाच. आणि त्याचं केंद्र असतं बघणाऱ्याच्याच सावलीवर. माझं कडं विमानाच्या सावलीत शेपटीकडे होतं, मी बसले होते तिथेच. पुढच्या रांगेतल्याला ते थोडं पुढे दिसलं असणार. हे कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

उतरतानाही उजवी बाजूच कामी आली. हीथ्रोला बहुतेक वेळा पूर्वेकडून उतरतात, तेव्हा थेम्स आणि मधलं लंडन उजवीकडे राहतं.

येत्या जूनमध्ये परत जातेय. येतानाचं विमान रात्रीचं आहे. त्या दिवसांत युरोपावर उत्तरेच्या क्षितिजाशी मध्यरात्रीही संधिप्रकाश रेंगाळतो, आणि पूर्वेला येताना उत्तर डावीकडे. ४१ ए घेतली आहे. खिडकी आहे ना, ते दोनदा तपासलंय.