उभ्या ट्रेलरमध्ये राहायचं तर आधी पाण्याकडे बघा

पहिल्या थंडीत एकदा चादरी धुवायला काढल्या आणि सहज गादी उचलली तर खालचं प्लायवूड ओलं. नुसतं दमट नाही, हात फिरवला तर तळहाताला पाणी लागलं, आणि भिंतीला टेकलेल्या बाजूला गादीच्या कापडावर काळे ठिपके धरलेले. नवऱ्याला हाक मारली, अरे इकडे ये, हात लाव बघ. दोघांनाही वाटलं छत गळतंय. तो शिडी लावून वर गेला, सगळे सांधे बघून आला, वर सगळं कोरडं ठाक. ते पाणी आमचंच होतं, दोघांच्या श्वासाचं, आंघोळीचं, गॅसवर उकळणाऱ्या पातेल्यांचं.

आम्ही ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घरात, पूर्ण वेळ राहतो, फिरत नाही, एकाच जागी उभा आहे तो. ज्यांना असं राहायचंय ते लोक पहिला प्रश्न जागेचा विचारतात, एवढ्याशा जागेत जमतं का, भांडणं होत नाहीत का. जागेची सवय महिन्याभरात होते हो, खरंच होते. पाण्याचं मात्र कुणी विचारत नाही आणि आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आज त्यावरच लिहितेय. हे घर मुळात हलायला बनवलेलं आहे, चार दिवस राहा, टाक्या रिकाम्या करा, पुढे निघा, असा त्याचा हिशोब. ते एका जागी थांबलं की त्यातलं पाणीही थांबतं, हवेत, टाकीत, छतावर, आणि तिथून सगळे त्रास सुरू होतात.

आधी हवेतलं पाणी. आत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. ट्रेलरची भिंत असते जेमतेम ५ सेंटिमीटर, मध्ये फ्रेमच्या पट्ट्या, बाहेर कडाक्याची थंडी, म्हणजे खिडकीची काच, अॅल्युमिनियमची चौकट, कपाटाची मागची बाजू, गादीचं तळ हे सगळं १२ च्या खाली सहज जातं. आर्द्रता ४५ वर आणली तर तोच आकडा ८ च्या आसपास येतो आणि निम्मा त्रास तिथेच संपतो. म्हणून आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आधी घ्या, बाकीचं सामान नंतर.

आणि गॅस. हे मला माहीतच नव्हतं, की १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ट्रेलरच्या मूळ फर्नेसचा, म्हणजे आत ऊब देणाऱ्या गॅसच्या भट्टीचा, धूर नळीतून बाहेर जातो, त्यामुळे ती वाफही बाहेर जाते, पण लोक जे सुटे, धुराडं नसलेले गॅस हीटर आत आणून लावतात त्यांची सगळी वाफ आतच राहते, वर कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. आम्ही तो हीटर आठवडाभर वापरला आणि त्या आठवड्यात सकाळी खिडक्या पुसलेलं फडकं पिळलं की अर्धा पेला पाणी निघायचं, रोज. बंद करून टाकला.

आता गादीखाली लाकडी पट्ट्या आहेत, हवा खेळते, गादी भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलीय, स्वयंपाक करताना झाकण आणि एक्झॉस्ट फॅन दोन्ही, आंघोळ झाली की छतावरचं व्हेंट अर्धा तास उघडं. हीटर चालू असताना व्हेंट उघडं ठेवायला जीवावर येतं मला माहितीय, ऊब फुकट गेल्यासारखी वाटते, पण ओल धरलेल्या ट्रेलरला तापवायला त्याहून जास्त जातं. कपाटांची दारंही रात्री किलकिली ठेवते.

आता टाकीतलं पाणी. ट्रेलरला तीन टाक्या असतात, चांगल्या पाण्याची, सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची ती ग्रे, आणि टॉयलेटची ब्लॅक. एका जागी राहायचं, सीवरची पाइप कायमची जोडलेली, मग कुणालाही वाटेल की व्हॉल्व्ह उघडेच ठेवू, आपोआप वाहून जाईल. आम्हीही तेच केलं. ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला की पाणी लगेच निघून जातं आणि घट्ट मैला मागे राहतो, टॉयलेटच्या बरोबर खाली त्याचा ढीग होतो आणि वाळून दगडासारखा बसतो. आमचं टॉयलेट दोन महिन्यांनी तुंबलं आणि ते मोकळं करायला आम्ही अख्खे तीन दिवस गरम पाणी ओतत होतो, वास इतका की बाहेर खुर्च्या टाकून बसलो. कारण कळल्यावर मला खरंच राग आला, इतकी साधी गोष्ट आहे ही. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी साधारण दोन तृतीयांश भरू द्यायची, मग एकदम उघडायचा म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं जातं. त्यानंतर ग्रे सोडायची म्हणजे पाइप धुऊन निघते. आणि रिकामी झालेल्या ब्लॅक टाकीत लगेच १०-१५ लिटर पाणी टाकून ठेवायचं, तळ कधीच कोरडा राहू द्यायचा नाही. फ्लश करतानाही पाण्याची कंजुषी करू नका, फिरत्या लोकांना ती करावी लागते, तुम्हाला नाही.

थंडीतली एक चूक बरेच जण करतात म्हणून सांगते. आम्ही गॅस वाचवायला इलेक्ट्रिक हीटर लावला, आत छान ऊब, मस्त झोपलो, आणि पहाटे नळाला पाणी नाही. झालं असं की आमच्या ट्रेलरमध्ये फर्नेसची गरम हवा फक्त खोलीत नाही येत, तिचा एक फाटा खाली पोटात टाक्या आणि नळ्यांपाशी जातो. इलेक्ट्रिक हीटरने खोली गरम ठेवली, खोलीचं तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटला वाटलं सगळं ठीक आहे, फर्नेस रात्रभर लागलाच नाही आणि खाली नळ्या गोठल्या. नशीब, फुटल्या नाहीत. तेव्हापासून बाहेर शून्याखाली जाणार असेल त्या रात्री फर्नेसच चालतो. बाहेरून पाणी आणणाऱ्या होजला हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, नळालाही, त्यावर फोमचं वेष्टण, आणि ट्रेलरच्या खालची मोकळी जागा चारी बाजूंनी फोमच्या शीटने बंद केली, वारा खालून जायचा थांबला तसा आत पायाला लागणारा गारठाही गेला. सिलिंडर घेताना प्रोपेनच घ्या, ब्यूटेन शून्याच्या आसपास आला की त्याचा वायूच होत नाही, प्रोपेनचा उणे ४२ पर्यंत होतो.

आता छत, ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी. ट्रेलरचं छत म्हणजे बहुतेक वेळा रबराची एक शीट आणि त्याला पाडलेली भोकं, व्हेंट, अँटेना, टाक्यांच्या वाफेच्या नळ्या, एसी. प्रत्येक भोकाभोवती सीलंट असतं आणि ते उन्हाने तडकतं. बारीक केसाएवढी चीर पुरते. पाणी आत शिरलं की लगेच खाली टपकत नाही, आधी लाकडी फ्रेम कुजवतं, आणि बाहेरच्या फायबरग्लासला फुगवटा दिसेपर्यंत आतलं लाकूड बोटाने चुरडेल इतकं गेलेलं असतं. आमच्या कपड्यांच्या कपाटात, वरच्या कोपऱ्यात, दुसऱ्या पावसाळ्यात असं झालं. पॅनल बोटाने दाबलं तर आत गेलं. व्हेंटच्या कडेला चीर होती, नखाएवढी. तो भाग काढून नवीन लाकूड घालावं लागलं. आता दर तीन महिन्यांनी नवरा वर चढतो, मी शिडी धरते, तो एकेक सांधा अंगठ्याने दाबत जातो, जिथे शंका तिथे जुनं साफ करून नवीन सीलंट. छतासाठी आपोआप सपाट पसरणारं मिळतं तेच वापरा, साधं सिलिकॉन रबरावर धरत नाही आणि नंतर त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

ट्रेलर उभा करताना पाणसळ लावून नीट समतल करा, विशेषतः जुन्या पद्धतीचा गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर, त्यात पंप नसतो, द्रव उतारानेच फिरतो, तिरका राहिला की बिघडतो. आधी चाकांखाली ठोकळे देऊन डावं-उजवं, चाकांना अडणी लावायच्या, मगच गाडीपासून सोडवून पुढच्या जॅकने पुढचं-मागचं. कोपऱ्यांचे चार जॅक फक्त हलणं थांबवायला असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलू नका, फ्रेम वाकते. आणि टायर झाका, उभ्या टायरला ऊन खातं, नक्षी नवीकोरी दिसली तरी. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा, सहा-सात वर्षं झाली की त्याच्यावर रस्त्यावर निघायचं नाही.

कपाटातलं ते नवीन पॅनल आम्ही मुद्दाम रंगवलं नाही, डाग पडला तर लगेच दिसावा म्हणून. पाऊस पडून गेला की मी अजूनही टॉर्च घेऊन कपडे बाजूला सारते आणि वरच्या कोपऱ्यात हात फिरवते. गेल्या आठवड्यात रात्रभर कोसळत होता, छतावरचा आवाज ऐकत दोघंही जागेच होतो. सकाळी हात घातला, कोरडा निघाला.