ऑफिसात सोयी मागून घेताना: माझा अनुभव

तिशी उलटल्यावर ऑटिझमचं निदान झालं आणि पाठोपाठ प्रश्न आला, ऑफिसात सांगायचं का? मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पण संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बोलायचंही त्राण उरत नसे. डोक्यावर ट्यूबलाइटची उघडझाप, पाठीमागे पॅन्ट्रीचा गलका आणि वर ‘अगं, ते जरा बघून घे’ अशा तोंडी सूचना. ‘ते’ म्हणजे नेमकं काय, किती आणि कधीपर्यंत, हे बाकीच्यांना न सांगता उमगायचं. मला नाही.

सांगायचं ठरवलं, पण आधी कायदा वाचून काढला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. ऑटिझम त्यात आहे, अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड करणाऱ्या स्थितीचं) नाव वेगळं दिलेलं नाही, आणि ही फार मोठी उणीव आहे असं मला वाटतं. कर्मचाऱ्याला वाजवी सोयी देण्याचं बंधन कलम 20 सरकारी आस्थापनांवर घालतं. खासगी नोकरीत असाल तर कलम 21 हाताशी ठेवा. प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची, असं ते सांगतं. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील, तर 2017 च्या नियमांनुसार त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सोयींकडे बघणाऱ्या संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही यावी लागते. आमच्या कंपनीचं धोरण होतं. ते कुणी उघडून पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

मग प्रमाणपत्र. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरला, तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात गेले. ऑटिझमसाठी ‘इसा’ ही भारतात तयार झालेली प्रश्नावली वापरतात. त्यात 40 मुद्दे असतात आणि त्यातले बरेचसे लहान मूल समोर ठेवून रचल्यासारखे वाटतात. त्यामुळे लहानपणाबद्दल सांगू शकेल असं माणूस सोबत न्या. माझी आई आली होती. ‘मिक्सर लावला की ही कान दाबून गच्चीत पळायची, पाहुणे आले तरी खाली यायची नाही,’ असं तिनं सांगितलं. आम्ही घरात सगळेच त्याला हट्ट म्हणायचो. डॉक्टर शांतपणे लिहून घेत होते आणि आई सांगता सांगता थांबली, माझ्याकडे बघत राहिली.

एचआरला दिलेल्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. निदानाचा उल्लेख एका ओळीत. बाकी पत्रात काम कुठे अडतं आणि काय बदललं तर सुटतं, एवढंच. ‘तोंडी सूचनेतला तपशील निसटतो, प्रत्येक कामाच्या तिकिटात (संगणकावरच्या नोंदीत) काय, कधीपर्यंत आणि कुणाला द्यायचं हे लिहावं.’ ‘मीटिंगचे विषय आदल्या दिवशी मिळावेत.’ ‘जागा पॅन्ट्रीपासून दूर, भिंतीला पाठ करून असावी.’ शेवटी एक अटही घातली: निदानाची माहिती एचआर, संपर्क अधिकारी आणि टीम लीड यांच्यापलीकडे माझ्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नये. ही अट कुणीही विसरू नये, कारण एकदा बाहेर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही.

एचआरचा पहिला प्रस्ताव होता जागरूकता कार्यक्रमाचा, आणि त्यात मी बोलावं असा. हेतू चांगला होता, तरी मी नाही म्हटलं. तासभराच्या भाषणाला टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट तशीच असते. ‘बरं, मग आधी कशाला हात घालू?’ असं संपर्क अधिकाऱ्यांनी विचारलं आणि तिथून गाडी पुढे सरकली. माझ्या टेबलावरची ट्यूब काढली, तिथे टेबल-लॅम्प आला. कान झाकणारे हेडफोन घालून बसायला परवानगी मिळाली. लेखी सूचनांना मात्र वेळ लागला. लीडला ते जास्तीचं काम वाटत होतं. मी त्याला तीन रकान्यांचा नमुना करून दिला आणि तो भरायला दोन मिनिटंही लागत नाहीत, हे त्याच्यासमोर भरून दाखवलं. आता नवीन लागलेली मुलंही त्याच नमुन्यात काम मागतात.

एक गोष्ट अजून अडलेली आहे. वार्षिक मूल्यमापनात ‘टीममध्ये मिसळणे’ असा रकाना आहे आणि तिथे दरवर्षी माझे गुण कापले जातात. डबा एकटीनं खाल्ला म्हणून कुणाच्या कामाचा दर्जा ठरू नये. त्याऐवजी ‘ठरलेली माहिती वेळेवर पोचवणे’ असा निकष असावा, असं दुसरं पत्र मी दिलंय. संपर्क अधिकाऱ्यांनी शेरा मारून ते वर पाठवलंय, उत्तर यायचंय.