स्ट्रेस टेस्टच्या आधीचे दिवस

जिना चढताना छातीत जडपणा वाटतो, ही तक्रार मी आमच्या फिजिशियन डॉक्टरांना सांगितली तेव्हा त्यांनी ईसीजी काढला. तो व्यवस्थित आला, आणि तरीही त्यांनी स्ट्रेस टेस्ट करून घ्यायला सांगितले. वय ५४, थोडा वाढलेला रक्तदाब आणि थोरल्या भावाची पन्नाशीच्या आत झालेली अँजिओप्लास्टी, एवढे समोर असताना कोणत्याही डॉक्टरांनी हाच सल्ला दिला असता. सल्ला मला पटलाही होता. मात्र तारीख ठरल्यापासून चाचणी होईपर्यंतचा काळ फार जड गेला. चाचणी कशी करतात हे सांगणारे पुष्कळ जण भेटतात, तिच्या आधीच्या भीतीविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

रक्ताच्या तपासणीला किंवा सोनोग्राफीला जाताना आपल्याला फक्त पडून राहायचे असते. स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे सगळे जिला टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट) म्हणतात त्या चाचणीत, जी गोष्ट केल्याने त्रास होतो तीच मुद्दाम करायला सांगतात. दोन मजले चढल्यावर छाती जड होते म्हणून मी लिफ्ट वापरू लागले होते, आणि आता डॉक्टर मला ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर, चढावर चालवून, हृदयाचे ठोके वाढवून पाहणार होते. त्यात भर अशी की, भीतीची लक्षणे आणि हृदयविकाराची लक्षणे एकमेकांसारखीच असतात. धडधड, छातीवर दडपण, तळहाताला घाम, धाप. रात्री डाव्या कुशीवर झोपले की उशीतून स्वतःचे ठोके ऐकू येत, ते मोजावेसे वाटत, मोजायला लागले की वाढत, आणि वाढले की तोच आजाराचा पुरावा वाटे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. स्वस्थ बसलेले असतानाही छातीत दुखणे, ते जबडा, पाठ किंवा डाव्या हाताकडे जाणे, दरदरून घाम येणे, असे काही झाले तर तो चाचणीच्या तारखेची वाट पाहण्याचा विषय नाही. तेव्हा १०८ ला फोन करून लगेच रुग्णालयात जायचे असते. हे मला डॉक्टरांनी आरंभीच सांगून ठेवले होते, आणि त्यामुळे रात्रीच्या धडधडीकडे थोडे शांतपणे पाहता आले. कोणत्या लक्षणाला घाबरायचे हे नेमके कळले की उरलेली लक्षणे सहन करता येतात.

घरातले आणि शेजारचे लोक ‘काही होत नाही गं, उगाच घाबरतेस’ असे म्हणत. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या वाक्याने मला कधीही बरे वाटले नाही. उपयोग झाला तो माझ्या यजमानांच्या एका प्रश्नाचा. त्यांनी विचारले, “तुला नक्की कशाची भीती वाटते?” मला चटकन उत्तर देता येईना, म्हणून मी अपॉइंटमेंटच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला बसले. लिहिताना लक्षात आले की ही एक भीती नसून तीन वेगवेगळ्या भीती आहेत. पट्ट्यावर चालताना हृदय बंद पडेल ही पहिली. अनोळखी लोकांसमोर अवघडल्यासारखे होईल, धाप लागून फजिती होईल ही दुसरी. रिपोर्ट वाईट येईल ही तिसरी. तिन्ही एकत्र होत्या तेव्हा त्यांच्यापुढे काही सुचत नव्हते. वेगळ्या केल्यावर कोणती कोणाला विचारायची हे कळले.

पहिली भीती मी थेट हृदयरोगतज्ज्ञांना सांगितली. चाचणीच्या आधी त्यांना भेटायची वेळ मागून घेतली होती, आणि त्यांनी ती दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी सांगितले की ही चाचणी बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉलने करतात. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकेतल्या सिएटलच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात ती पद्धत बसवली. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या टप्प्यात वेग ताशी २.७ किलोमीटर आणि चढ १० टक्के असतो. दुसऱ्यात ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात ताशी साडेपाचच्या आसपास आणि १४ टक्के. हे आकडे ऐकून मला पहिल्यांदा हायसे वाटले, कारण ताशी २.७ किलोमीटर म्हणजे मंडईत भाजी बघत चालण्याचा वेग आहे. चढामुळे श्रम होतात हे खरे, पण ते एकदम अंगावर येत नाहीत.

मग त्यांनी लक्ष्य सांगितले. २२० मधून वय वजा करायचे, म्हणजे माझ्या बाबतीत १६६, आणि त्याच्या ८५ टक्के म्हणजे मिनिटाला १४१ ठोके. साधारण तिथपर्यंत हृदयाची गती नेली की चाचणी पुरेशी झाली असे धरतात. हा आकडा मला आधी भयंकर वाटला होता, परंतु बस पकडायला धावताना किंवा पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढताना याच्या आसपास गती जातच असणार, फक्त तेव्हा कोणी ती मोजत नाही आणि शेजारी डॉक्टरही उभे नसतात. इथे सतत ईसीजी चालू असतो, प्रत्येक टप्प्याला रक्तदाब घेतात, आणि आपत्कालीन औषधे व डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र, खोलीतच असतात. रक्तदाब वाढण्याऐवजी घसरू लागला, ठोक्यांची लय बिघडली, छातीत दुखू लागले, तर तेच चाचणी थांबवतात. आणि मी ‘थांबवा’ म्हटले तरी, कारण न विचारता, थांबवतात, हे त्यांनी दोनदा सांगितले.

संमतिपत्राची प्रत मी आधीच मागून घेऊन घरी वाचली. हे प्रत्येकाने करावे असे मला मनापासून वाटते. ऐन वेळी, पायात बूट घालून, पट्ट्याकडे पाहत असताना ‘क्वचित प्रसंगी मृत्यू’ हे शब्द वाचणे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घेत ते वाचून त्यावर प्रश्न विचारणे, यांत फार अंतर आहे. मी विचारले की क्वचित म्हणजे किती. मृत्यूचे प्रमाण दर १०,००० चाचण्यांमागे साधारण एक किंवा त्याहूनही कमी असते, आणि ज्यांना धोका जास्त त्यांना आधीच तपासून या चाचणीपासून दूर ठेवतात, असे उत्तर मिळाले. भीती गेली नाही, पण तिचा आकार समजला.

त्यांना मी आणखी एक गोष्ट विचारली, जी विचारायला संकोच वाटत होता: भीतीनेच माझा रक्तदाब वाढला आणि ठोके वाढले, तर चाचणी चुकेल का? ते म्हणाले की असे रुग्ण रोज येतात, म्हणून आधी बसवून ठेवतात, पुन्हा रक्तदाब घेतात, आणि फारच वाढलेला असेल, म्हणजे वरचा आकडा २०० च्या पुढे वगैरे, तर चाचणी पुढे ढकलतात. भीतीमुळे भराभर श्वास घेत राहिल्यास मात्र ईसीजीच्या आलेखात थोडे बदल दिसू शकतात, त्यामुळे श्वास सावकाश ठेवा, एवढेच त्यांनी सुचवले.

श्वास सावकाश ठेवा हे सांगणे सोपे आहे. मला ते जमले ते सासूबाईंमुळे. त्या रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसून रामरक्षा म्हणतात, अगदी संथपणे, एक श्लोक पुरा झाल्यावरच पुढचा श्वास घेतात. त्या दिवसांत मी त्यांच्याजवळ बसून त्यांच्याच गतीने म्हणू लागले. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की रोझरीची (कॅथॉलिक ख्रिश्चनांची जपमाळेवरची) प्रार्थना किंवा ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि हृदयाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम होतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. रामरक्षेवर असा अभ्यास झाला आहे असा माझा दावा नाही, परंतु लांब उच्छ्वास हा दोन्हींत समान आहे. ज्यांना स्तोत्र म्हणायचे नसेल त्यांनी मनात चारपर्यंत मोजत श्वास घ्यावा आणि सहापर्यंत मोजत सोडावा, तेही तितकेच उपयोगी पडते. ही सवय चाचणीच्या बाकावर बसून लावता येत नाही, काही दिवस आधीपासून लावावी लागते.

दुसऱ्या भीतीविषयी बायका आपापसांत बोलतात, लिहीत कोणी नाही. छातीवर इलेक्ट्रोड, म्हणजे ईसीजीच्या वायरी जोडायच्या चकत्या, लावायचे म्हणजे वरचे कपडे काढावे लागणार, आणि खोलीत पुरुष तंत्रज्ञ असला तर काय, हा विचार मला हृदय बंद पडण्याच्या विचाराइतकाच छळत होता. मी फोन करून विचारले. स्त्री तंत्रज्ञ असलेली वेळ मिळू शकेल का, पुढून उघडणारा गाऊन देतात का, सोबत कोणाला थांबता येते का. तिन्हींची उत्तरे ‘हो’ अशी आली आणि ती भीती तिथेच संपली. साडी नेसून जाऊ नये, सलवार किंवा ट्रॅक पँट आणि चालण्याचे बूट घालावेत, आधी दोन-तीन तास जड जेवण करू नये, चहा-कॉफी टाळावी, हेही त्याच फोनवर कळले. रक्तदाबाची गोळी घ्यायची की नाही हा प्रश्न मात्र डॉक्टरांनाच विचारावा. काही गोळ्या हृदयाची गती रोखून धरतात, त्यामुळे त्या बंद ठेवायला सांगतात, पण मनाने बंद करणे धोक्याचे असते.

तिसरी भीती, रिपोर्टची, कोणालाही विचारून जाणारी नव्हती. तिथे मी एवढेच केले की रिपोर्ट वाईट आला तर लगेच पुढचे पाऊल कोणते, हे आधी विचारून ठेवले. त्यावर डॉक्टरांनी चाचणीच्या मर्यादाही समजावून सांगितल्या. ज्यांच्या धमन्यांत खरोखर मोठा अडथळा आहे अशांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोकांमध्येच ही चाचणी तो दाखवते, आणि अडथळा नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. स्त्रियांमध्ये असे अधिक घडते. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे बायपास असे समजायचे नाही. मग स्ट्रेस इको, थॅलियम स्कॅन, सीटी अँजिओग्राफी किंवा नेहमीची अँजिओग्राफी यांपैकी पुढची तपासणी कोणती करायची ते ठरते, आणि उपचारांचा विचार त्यानंतर. रात्री तीन वाजता मन एकदम ऑपरेशन थिएटरपर्यंत पोहोचायचे, तेव्हा मधल्या या पायऱ्या मी मनात एकेक करून मोजत असे. रिपोर्ट हातात आल्यावर आम्ही दोघांनी मिळूनच उघडायचा, मुलीला फोन नंतर करायचा, हेही ठरवून टाकले.

चाचणीच्या सकाळी हात गार पडले होते. मंगळसूत्र काढून यजमानांच्या हाती दिले. तंत्रज्ञ मुलगी पंचविशीची असेल. तिला मी आत गेल्या गेल्या सांगितले की मला भीती वाटते आहे, आणि ती म्हणाली, “काकू, मग मी प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत जाते.” तिने स्पिरिटचा बोळा फिरवला, मग खरखरीत कागदाने त्वचा हलकेच घासली. संपर्क नीट व्हावा म्हणून असे करतात, पण आधी माहीत नसेल तर माणूस दचकतो. चिकट चकत्या लावल्या, वायरी कमरेच्या पट्ट्याला बांधल्या. रक्तदाबाचा वरचा आकडा १५८ आला. डॉक्टरांनी बसायला सांगितले, आणि मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली.

पट्टा सुरू होताना किंचित हिसका बसतो. “समोर बघा, पायांकडे बघू नका. दांडी नुसती धरा, तिच्यावर भार टाकू नका,” ती सांगत होती. दांडीवर रेलल्यास श्रम कमी होतात आणि निष्कर्ष चुकतो, हे तिनेच मला समजावले. पहिला टप्पा सहज गेला. दुसऱ्यात पोटऱ्या बोलू लागल्या. “आता चढ वाढणार,” असे ती दर वेळी आधी सांगे, आणि त्या चार-पाच सेकंदांच्या पूर्वसूचनेचे मोल मला शब्दांत सांगता येत नाही. तिसऱ्या टप्प्यात धाप लागली आणि छाती जड वाटली. मी ते तत्काळ बोलून दाखवले. डॉक्टरांनी पडद्यावरून नजर न हटवता विचारले की दुखते आहे की दम लागला आहे, एक ते दहामध्ये किती, वाढते आहे का. दुखत नव्हते, वाढतही नव्हते. लक्ष्याचा आकडा पार झाला आणि त्यांनी पट्टा हळू केला.

बसल्यावरही काही मिनिटे वायरी काढत नाहीत, कारण ठोके किती लवकर खाली येतात हेही पाहायचे असते. पहिल्या मिनिटात ते बाराहून अधिक उतरले तर चांगले मानतात. माझे उतरले.

रिपोर्ट आम्ही ठरल्याप्रमाणे दोघांनी मिळून उघडला. तो निगेटिव्ह होता. जडपणा बहुधा कमी झालेल्या क्षमतेमुळे आणि वजनामुळे असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, रोज चालायला सांगितले, आणि भावाचा इतिहास लक्षात घेऊन तपासण्या नियमित ठेवायला सांगितल्या. जडपणा वाढला, कमी श्रमांत येऊ लागला किंवा बसल्या जागी जाणवला, तर या रिपोर्टच्या भरवशावर घरी थांबायचे नाही, हे त्यांनी त्याच कागदावर खाली स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे.